स्वतंत्र कंत्राटी काम करणाऱ्याने प्राप्तिकराचा भार कायद्याच्या चौकटीत कसा कमी करावा?

प्रश्न | मुक्त अभियंता

नमस्कार. मी सॉफ्टवेअर अभियंता असून नोकरी सोडल्यानंतर आता स्वतंत्रपणे कंत्राटी काम करते. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये मला कामाचे एकूण ३२ लाख रुपये मिळाले. त्यांपैकी २० लाख दोन भारतीय कंपन्यांकडून आले आणि त्यांनी दहा टक्के दराने २ लाख रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापला. उरलेले १२ लाख एका परदेशी ग्राहकाकडून थेट बँकेत जमा झाले. माझी जीएसटी नोंदणी आहे आणि वरील सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत. लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी, सामायिक कार्यालयातील जागेचे भाडे, इंटरनेट, प्रवास असा वर्षाचा खरा खर्च घसाऱ्यासह (वापराने वस्तूंच्या किमतीत धरली जाणारी वार्षिक घट) साधारण ७ लाख रुपये होतो.

नोकरीत असताना कराचा विचार करण्याची वेळच येत नसे, कारण हाती येणारी रक्कम कर कापूनच येत असे. आता मात्र प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. नवऱ्याला पगार दाखव असे एक सांगतो, तर वर्ष संपण्यापूर्वी गाडी घे असे दुसरा सुचवतो. एका परिचिताने तर काम न करवून घेता बिले मिळवून देण्याचीही तयारी दाखवली. मला एक रुपयाही लपवायचा नाही. परंतु कायद्याने जी सवलत दिलेली आहे ती केवळ माहिती नाही म्हणून सोडून देणेही मला योग्य वाटत नाही. खर्चाची सर्व बिले एकत्र करून नफा काढावा, की अनुमानित उत्पन्नाची योजना घ्यावी? जुनी करप्रणाली घेऊन विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे दाखवल्यास अधिक लाभ होईल का? आणि वर उल्लेखलेल्या सल्ल्यांपैकी कोणते खरोखर कायदेशीर आहेत? जाणकारांनी आकड्यांसह समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर | खतावणी

आपल्या प्रश्नाचा सर्वांत मोठा भाग अनुमानित उत्पन्नाच्या योजनेच्या एका कलमाने, म्हणजे ४४एडीएने, सुटतो, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो. (मी १९६१ च्या कायद्यातील कलमक्रमांक देत आहे, कारण २०२५-२६ च्या उत्पन्नाला तोच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी ही योजना कायम आहे.)

कलम ४४एडीए हे ठरावीक व्यवसायांतील निवासी व्यक्तींसाठी आहे. कायदा, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला आणि अंतर्गत सजावट हे व्यवसाय त्यात येतात. सरकारने अधिसूचनेद्वारे जोडलेल्या व्यवसायांत माहिती तंत्रज्ञानाचाही समावेश आहे, त्यामुळे आपण पात्र आहात असे मानण्यास सबळ आधार आहे. या कलमाखाली एकूण प्राप्तीच्या (व्यवसायातून मिळालेल्या सर्व रकमेच्या) किमान पन्नास टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की उरलेला सर्व खर्च मान्य झाला असे कायदा धरून चालतो. मग ना तपशीलवार हिशेबवह्या ठेवण्याचे बंधन राहते, ना लेखापरीक्षणाचे. प्राप्तीची मर्यादा ५० लाख रुपये आहे, आणि रोखीने मिळालेली रक्कम एकूण प्राप्तीच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ती ७५ लाखांपर्यंत वाढते. आपले सर्व पैसे बँकेतून आलेले असल्याने मर्यादेची चिंता नाही.

आता आकडे पाहू. ४४एडीएखाली आपले उत्पन्न १६ लाख धरले जाईल. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर दहा टक्के म्हणजे ४०,००० आणि १२ ते १६ लाखांवर पंधरा टक्के म्हणजे ६०,००० रुपये कर लागतो. बेरीज १,२०,००० झाली आणि चार टक्के उपकर धरून एकूण कर १,२४,८०० रुपये झाला. याउलट खऱ्या खर्चाच्या आधारे नफा काढला तर तो २५ लाख होतो, आणि त्यावरचा कर उपकरासह ३,४३,२०० रुपये होतो. केवळ योग्य कलम निवडल्याने २ लाख १८ हजारांहून अधिक फरक पडतो. कितीही बिले गोळा केली तरी एवढी बचत त्यांतून होणार नाही.

आपला टीडीएस २ लाख कापला गेला आहे, म्हणजे दुसरे काही उत्पन्न नसेल तर ७५,२०० रुपयांचा परतावा आपल्यालाच मिळेल. विवरणपत्र भरण्यापूर्वी फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण या दोन्हींत ही २ लाखांची नोंद आहे याची खात्री करून घ्यावी. कंपनीने कर कापला पण आपल्या पॅनवर दाखवला नाही, असे प्रकार घडतात, आणि मग परतावा अडकतो.

या सोयीची दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. ज्याचा खरा खर्च प्राप्तीच्या निम्म्याहून अधिक आहे, उदाहरणार्थ जो स्वतःच्या कंत्राटातील बरेचसे काम इतरांकडून मोबदला देऊन करवून घेतो, त्याला हे कलम महाग पडते. त्याने पन्नास टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे ठरवले आणि त्याचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही बंधनकारक होतात.

उत्तर | शब्दव्यवसायी

वरील उत्तर अभियंत्यांसाठी अचूक आहे, परंतु हा धागा वाचणाऱ्या अनेकांचा व्यवसाय त्या यादीत स्पष्टपणे बसत नाही. मी अनुवादक आहे. अनुवाद, लेखन, शिकवण्या यांचा यादीत उल्लेख नाही, म्हणून ४४एडीए डोळे झाकून लावू नये. माझ्यासारख्यांना खऱ्या खर्चाचाच मार्ग धरावा लागतो आणि तो नीट धरला तर तोही पुरेसा फलदायी आहे.

एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो असा की नव्या करप्रणालीत कोणतीच वजावट मिळत नाही. तेथे ८०सी, ८०डी यांसारख्या वैयक्तिक गुंतवणुकीच्या व विम्याच्या वजावटी मिळत नाहीत हे खरे, परंतु व्यवसायाचा खर्च ही मुळात सवलत नव्हेच. नफा काढण्याचीच ती रीत आहे, म्हणून दोन्ही प्रणालींत खर्च वजा होतो. कलम ३७ ची कसोटी एवढीच आहे की खर्च पूर्णतः व्यवसायासाठी झालेला असावा आणि तो वैयक्तिक किंवा भांडवली स्वरूपाचा नसावा.

ज्या वस्तू अंशतः घरासाठी आणि अंशतः कामासाठी वापरल्या जातात, त्यांच्या खर्चाचा कामापुरता भाग घेता येतो. घराचे भाडे, वीज, इंटरनेट, मोबाइल यांबाबत मी वर्षाच्या सुरुवातीलाच एका कागदावर प्रमाण कसे ठरवले ते लिहून ठेवतो. चार खोल्यांपैकी एक खोली केवळ कामासाठी असेल तर भाड्याचा चौथा भाग घेणे पटण्यासारखे आहे. संपूर्ण भाडे व्यवसायाच्या नावावर टाकणे मात्र कोणत्याही अधिकाऱ्याला पटणार नाही, आणि ते पटू नये हेही योग्यच आहे. प्रमाण वर्षाअखेरीस कराचा आकडा पाहून ठरवले, तर तो हिशेब राहत नाही, म्हणून ते आधी ठरवण्याचा माझा आग्रह आहे.

लॅपटॉप, संगणक आणि त्यांतील सॉफ्टवेअर यांवर चाळीस टक्के घसारा मिळतो, फर्निचरवर दहा टक्के आणि इतर बहुतेक यंत्रसामग्रीवर पंधरा टक्के. वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे १,२०,००० रुपयांचा लॅपटॉप ऑगस्टमध्ये घेऊन वापरायला काढला तर ४८,००० रुपये वजा होतात आणि मार्चमध्ये घेतला तर २४,०००. खरेदी करायचीच असेल तर ती वर्षाच्या पूर्वार्धात करावी, हे उघड आहे. परंतु केवळ कर वाचावा म्हणून नको असलेली वस्तू घेणे हे शंभर रुपये घालवून तीस रुपये वाचवण्यासारखे आहे.

रोखीचे व्यवहार शक्य तितके टाळावेत. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर तो संपूर्ण खर्च नामंजूर होतो. भांडवली वस्तूसाठी दिलेली अशी रोख रक्कम वस्तूच्या किमतीतही धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारा नाही. खर्च अगदी खरा आणि आवश्यक असूनही केवळ देण्याच्या पद्धतीमुळे वजावट जाते, याचे वाईट वाटते.

आता एक बारीक मुद्दा मांडतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर कलम ८७ए च्या सवलतीने शून्य होतो. उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर नेहमीच्या हिशेबाने कर ६१,५०० येईल, परंतु सीमान्त दिलाशामुळे तो १०,००० रुपयांपुरता मर्यादित होतो आणि त्यावर उपकर लागतो. याचा अर्थ असा की १२ लाख ते साधारण १२ लाख ७० हजार या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया जवळजवळ पूर्णपणे करात जातो. ज्यांचे उत्पन्न या पट्ट्यात आहे त्यांनी नजरचुकीने सुटलेला एखादा खरा खर्च, एखादे विसरलेले वार्षिक नूतनीकरण किंवा बँकेचे शुल्क शोधून काढले तर त्या रकमेएवढीच बचत होते. व्याजाचे उत्पन्नही याच बेरजेत येते, ते विसरू नये. शेअरच्या विक्रीवरील नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला मात्र ही सवलत लागू होत नाही.

हिशेबाची पद्धतही विचारपूर्वक निवडावी. कलम १४५ नुसार रोख पद्धत (पैसे हाती आल्यावर उत्पन्न धरण्याची) किंवा व्यापारी पद्धत (पैसे येणे झाले की उत्पन्न धरण्याची) यांपैकी एक घेऊन ती सातत्याने पाळावी लागते. रोख पद्धतीत मार्चमध्ये बिल दिले आणि पैसे एप्रिलमध्ये आले तर ते पुढील वर्षाचे उत्पन्न ठरते. ग्राहकाने मार्चमध्येच टीडीएस दाखवला असेल तर त्या कराचे श्रेय विवरणपत्रात पुढील वर्षात नेण्याची सोय आहे, ती वापरावी. परंतु दरवर्षी सोयीनुसार पद्धत बदलणे कायद्याला मान्य नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद | मुक्त अभियंता

दोघांचेही मनापासून आभार. आकडे पाहून बराच उलगडा झाला, पण एक गोष्ट मनाला टोचते आहे. माझा खरा नफा २५ लाख असताना १६ लाख उत्पन्न दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरते का? मी वर एक रुपयाही लपवायचा नाही असे लिहिले आहे आणि ते मी गांभीर्याने लिहिले आहे. शिवाय दोन भारतीय कंपन्यांपैकी एका कंपनीचे काम माझ्या वेळेचा मोठा भाग घेते. तेथे मला दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि कंपनीचा ईमेल पत्ताही आहे. त्यामुळे काही अडचण येऊ शकते का?

उत्तर | कलमदर्शी

आपली शंका रास्त आहे आणि ती ज्या गांभीर्याने विचारली आहे त्याच गांभीर्याने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

४४एडीएमध्ये आपण प्राप्ती लपवत नाही. विवरणपत्रात ३२ लाखांची पूर्ण प्राप्ती लिहावी लागते. तिच्यापैकी किती भाग उत्पन्न मानायचा, याचे प्रमाण संसदेनेच ठरवून दिलेले आहे. लहान व्यावसायिकांना हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण यांच्या ओझ्यातून मोकळे करावे हा या योजनेचा घोषित हेतू आहे. कोणाचा खर्च तीस टक्के असेल, कोणाचा साठ टक्के, याची कल्पना कायदा करणाऱ्यांना होतीच. मात्र कलमाची भाषा लक्षपूर्वक वाचावी. प्राप्तीच्या पन्नास टक्के, किंवा करदात्याने त्याहून अधिक उत्पन्न मिळवल्याचे सांगितले असल्यास ती अधिक रक्कम, असे तिचे स्वरूप आहे. या दुसऱ्या भागाच्या अर्थाविषयी व्यावसायिकांत मतभेद आहेत. पन्नास टक्के दाखवणे पुरेसे आहे असा एक पक्ष आहे आणि सर्वसाधारण व्यवहार त्यानुसारच चालतो. खरा नफा अधिक असेल तर तोच दाखवावा, असे दुसरा पक्ष म्हणतो. माझे मत पहिल्या पक्षाकडे झुकते, कारण ज्याला वह्या ठेवण्यातून सूट दिली आहे त्याच्याकडून वह्यांवर आधारलेल्या नफ्याची अपेक्षा करणे तर्काला धरून नाही. तरीही आपल्या उदाहरणात अंतर मोठे असल्याने आपल्या सनदी लेखापालांशी हा मुद्दा स्पष्टपणे बोलून घ्यावा. बँकेची विवरणे, करारपत्रे आणि बिले जपून ठेवावीत, हे वह्यांचे बंधन नसतानाही हिताचेच आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी अधिक काळजीने पाहीन. ४४एडीएचा संपूर्ण लाभ आपण खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहात या एका गोष्टीवर उभा आहे. कराराला कोणते नाव दिले आहे यावर ते ठरत नाही. कामाची पद्धत कोण ठरवतो, वेळा आणि रजा कोण मंजूर करतो, साधने कोणाची आहेत, काम बिघडल्यास जोखीम कोणाची आहे, दुसऱ्या ग्राहकांचे काम घेण्याची मोकळीक आहे का, हे सर्व एकत्र पाहिले जाते. सल्लागार डॉक्टरांना रुग्णालयाकडून मिळणारी रक्कम पगार मानावी की व्यावसायिक शुल्क, असे वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले आहेत आणि तेथेही करारातील प्रत्यक्ष अटी तपासल्या गेल्या. दरमहा ठरावीक रक्कम मिळते एवढ्यावरून कोणी नोकर ठरत नाही. परंतु ठरावीक रक्कम, ठरावीक वेळ, रजेचा अर्ज, भविष्य निर्वाह निधी आणि अन्यत्र काम करण्यास बंदी अशा अटी एकत्र आल्या तर तो पगारच ठरण्याचा धोका आहे, आणि पगाराच्या उत्पन्नाला ४४एडीए लागू होत नाही. आपल्या बाजूने परदेशी ग्राहक आणि दुसरी भारतीय कंपनी हे दोन ठोस पुरावे आहेत. पहिल्या कंपनीबरोबरच्या पुढील करारात कामाची व्याप्ती, सुपूर्त करायच्या गोष्टी आणि इतर ग्राहक घेण्याचा हक्क स्पष्ट लिहून घ्यावा. अर्थात प्रत्यक्ष व्यवहारही त्या कागदाप्रमाणेच असला पाहिजे.

आता आपल्याला मिळालेल्या सल्ल्यांविषयी. नवऱ्याला पगार दाखवण्याने आपले नुकसानच होईल, कारण ४४एडीएमध्ये सर्व खर्च आधीच मान्य झालेला असल्याने त्या पगाराची वेगळी वजावट मिळत नाही. म्हणजे आपला कर कमी होणार नाही आणि त्यांचे उत्पन्न मात्र वाढेल. खऱ्या खर्चाच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठीही येथे दोन अडसर आहेत. कलम ६४ नुसार ज्या व्यवसायात आपले भरीव हितसंबंध आहेत त्यातून जोडीदाराला मिळणारा पगार आपल्याच उत्पन्नात मिळवला जातो. जोडीदाराकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि मोबदला त्या ज्ञानाचाच असेल तरच तो वगळला जातो. शिवाय नातेवाइकाला बाजारभावापेक्षा अधिक दिलेली रक्कम कलम ४०ए(२) खाली नामंजूर होऊ शकते. जोडीदार खरोखर हिशेब किंवा चाचणीचे काम करत असेल, पात्र असेल आणि पैसे बँकेतून जात असतील तर त्यात गैर काहीच नाही. पण केवळ कागदावर काम दाखवणे ही चोरीच आहे.

गाडीचे उत्तर थोडक्यात देतो. ४४एडीएमध्ये तिचा घसारा वेगळा मिळत नाही, आणि साध्या प्रवासी गाडीच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे श्रेयही (आपण सरकारला देणे असलेल्या जीएसटीतून तो वजा करण्याची सोय) सर्वसाधारणपणे मिळत नाही.

काम न घेता बिले मिळवून देऊ असे म्हणणाऱ्या परिचितापासून दूर राहावे, हे मी कळकळीने सांगतो. उत्पन्न चुकून कमी दाखवले गेले तर कलम २७०ए खाली कराच्या पन्नास टक्के दंड होतो. खोट्या नोंदीच्या आधारे चुकीची माहिती दिली असेल तर तो दोनशे टक्के होतो, म्हणजे कर आणि व्याज वेगळे आणि त्यावर कराच्या दुप्पट दंड. जीएसटी कायद्यातही सेवा न घेता बिल घेणे दंडनीय आहे. करनियोजन कायद्याच्या चौकटीत असेल तर ते वैध आहे, परंतु फसव्या क्लृप्त्या हा करनियोजनाचा भाग होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मॅक्डॉवेल प्रकरणात म्हटले आहे.

उत्तर | निर्यात सेवा

परदेशी ग्राहकाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून एवढीच भर घालतो. १२ लाखांचे उत्पन्न परदेशातून आले असले तरी आपण भारतात निवासी असल्याने त्यावर येथे कर आहेच आणि तेही ३२ लाखांत योग्य प्रकारे धरलेले आहे. ग्राहकाने त्याच्या देशात काही कर कापला असेल तर दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार त्याचे श्रेय येथे मिळते, परंतु त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. तो न भरल्यामुळे हक्काचे श्रेय अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

जीएसटीत सेवांची निर्यात शून्य दराची आहे. हमीपत्र दरवर्षी नव्याने दाखल केले की कर न आकारता बिल देता येते. ग्राहक आणि सेवेचे स्थान भारताबाहेर असणे व पैसे परकीय चलनात येणे या अटी पाळाव्यात आणि बँकेकडून परकीय रक्कम मिळाल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी घ्यावे. लॅपटॉप, कार्यालयाची जागा, देशी सॉफ्टवेअर यांवर भरलेल्या जीएसटीचे श्रेय आपण घेत आहात ना, हेही तपासावे. प्राप्तिकरात ४४एडीए घेतले म्हणून जीएसटीतील श्रेय बुडत नाही, कारण ते दोन स्वतंत्र कायदे आहेत. परदेशी सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर मात्र नोंदणीकृत व्यक्तीला स्वतःच कर भरून मग त्याचे श्रेय घ्यावे लागते, आणि याकडे बहुतेक मुक्त व्यावसायिकांचे दुर्लक्ष होते.

भारतीय कंपन्यांच्या बिलांत जीएसटीची रक्कम वेगळी दाखवावी, म्हणजे टीडीएस मूळ शुल्कावरच कापला जातो.

उत्तर | खतावणी

जुन्या करप्रणालीविषयीचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. आपल्या १६ लाख उत्पन्नातून ८०सी चे दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे जादा ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा केले तर जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १३ लाख ७५ हजार राहते आणि त्यावर उपकरासह २,३४,००० रुपये कर लागतो. नव्या प्रणालीत तोच १,२४,८०० आहे. दोन्ही समान होण्यासाठी आपल्याला ५ लाख ७५ हजारांच्या वजावटी लागतील. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाचे २ लाख आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचे ५०,००० धरले तरी बेरीज ४ लाख ७५ हजारांपर्यंतच पोहोचते, म्हणून आपल्यासाठी नवी प्रणालीच योग्य आहे. निवृत्तीसाठी आणि आरोग्यासाठी तरतूद अवश्य करावी, परंतु ती कर वाचतो म्हणून नव्हे.

येथे पगारदार आणि व्यावसायिक यांच्यातील एक फरक महत्त्वाचा आहे. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नंतर तो एकदा नव्या प्रणालीत परत आला की व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत जुनीचा दरवाजा पुन्हा उघडत नाही. एखाद्या वर्षीच्या थोड्या फायद्यासाठी हा निर्णय घाईने घेऊ नये.

कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी काढावी का, असेही काही जण विचारतात. मर्यादित दायित्व भागीदारीला सरसकट तीस टक्के कर आहे आणि तिला ४४एडीए मिळत नाही. कंपनीला कमी दर मिळाला तरी लाभांश काढताना त्यावर पुन्हा आपल्याच दराने कर भरावा लागतो. आपल्या आजच्या प्राप्तीला दोन्ही अनावश्यक आहेत.

पुढील वर्षासाठी दोन गोष्टी आताच कराव्यात. आपला टीडीएस प्रत्यक्ष करापेक्षा अधिक कापला जातो, म्हणून कमी दराने करकपात व्हावी यासाठी विभागाकडे वर्षाच्या सुरुवातीस अर्ज करता येतो. प्रमाणपत्र मिळाले की वर्षभर अडकणारा पैसा हाती राहतो. आणि परदेशी कामाचा वाटा वाढला तर टीडीएस पुरणार नाही. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर उरत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. इतरांना तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत भरावा लागतो, पण अनुमानित योजनेतील करदात्याला १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरण्याची मुभा आहे. ती तारीख चुकल्यास व्याज लागते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस प्राप्तीची बेरीज करून रक्कम बाजूला काढून ठेवावी.